वाचकांची पत्रं : हळदीचं गोदाम आणि अक्कांची वही

मागच्या अंकात मी सहज म्हणून चार ओळी लिहिल्या होत्या, की १९९८ पासून सात वर्षं सांगलीत गणपती पेठेच्या मागच्या अंगाला एका रिकाम्या हळदीच्या गोदामात आम्ही सात जणं राहत होतो आणि तिथंच काम करत होतो. मी चित्रं काढायचे, एक बोर्ड रंगवणारे पेंटर, एक शाडूच्या मूर्ती करणारा, दोन नाटकवाली पोरं, मिरजेचा एक तंबोरे करणारा आणि नाटकाचे कपडे शिवणाऱ्या अक्का. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सदर त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच घेतलीत.

प्रश्न : मॅडम, मुलगा जी. डी. आर्ट करून घरी आलाय. आता तो आणि त्याचे पाच मित्र मिळून मार्केट यार्डाच्या बाजूला एक जुनं गोदाम भाड्यानं घेऊन तिथंच राहून काम करायचं म्हणतायत. ह्यांचं म्हणणं एवढं चांगलं घर असताना गोदामात राहायची काय वेळ आलीय. तुमचं वाचून मुलगा म्हणाला बघ, लोक राहत होते. मला खरं काय ते सांगा, पाठवू का नको?
– एक आई, तासगाव

ताई, पाठवायचं का नको ते शेवटी तुम्ही दोघं आणि पोरगा मिळून ठरवणार, मी फक्त जे होतं ते सगळं सांगते.

आधी जागा. चाळीस बाय नव्वद फूट, दगडी भिंती, वर पत्रा आणि तो तोलणाऱ्या लोखंडी कैच्या, खाली शहाबादी फरशी, पुढं गाडी लावायचा धक्का, आणि एका कोपऱ्यात दिवाणजी बसायचे ती लाकडी पार्टिशनची खोली. शेठचा सगळा व्यवहार मार्केट यार्डात गेलेला, जागा पडून होती, महिना तीन हजारावर मिळाली. एक जुना वजनकाटा आणि शेदोनशे रिकामी बारदानं तिथंच सोडलेली होती. ती बारदानं मला सोन्यासारखी, कारण कॅनव्हास घ्यायची ऐपत नव्हती, मग बारदान धुवायचं, फ्रेमवर ताणायचं, सरस आणि व्हायटिंगचे, म्हणजे खडूच्या पुडीचे, तीन हात द्यायचे आणि त्याच्यावर चित्र. कितीही धुतलं तरी खालून थोडा पिवळा वर यायचाच, माझ्या त्या वेळच्या सगळ्या चित्रांत तो आहे.

हळद सगळीकडं होती. फरशीच्या सांध्यात, कैच्यांवर, भिंतीच्या खरबडीत. पहिल्याच रविवारी आम्ही उत्साहानं चुना कालवला आणि भिंतीला मारायला घेतला, आणि हात फिरेल तशी भिंत लाल व्हायला लागली. पांढरी नाही, लाल! आम्ही घाबरून थांबलो. हळदीला चुना लागला की लाल होतं, कुंकू पूर्वी त्याच्यावरच करायचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं पण भिंत रंगवताना एकाच्याही डोक्यात आलं नाही. दिवाणजी किल्लीचा जोड द्यायला आलेले, ते दारात उभे राहून म्हणाले, "वास्तूला कुंकू लावलासा की, आता राहा खुशाल." सुकल्यावर तो लाल उतरला, तपकिरी डाग राहिले. आणि त्याच भिंतीनं मला माझी जागा दाखवली. वर छताला दोन पारदर्शक पत्रे होते, त्यांचं ऊन जिथं पडायचं तिथली हळद उडून भिंत फिकट झालेली, आणि जिथं पिवळा घट्ट टिकून होता तिथं वर्षभरात थेट ऊन येतच नाही असं पेंटर काकांनी एका नजरेत ओळखलं. तिथं माझा इझल, चित्र ठेवायचा स्टँड, लागला तो सात वर्षं हलला नाही.

आता त्रास. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बारा ते पाच कुणी उभं राहू शकत नाही, आम्ही पहाटे चारला उठून काम करायचो आणि दुपारी धक्क्याच्या सावलीत पडून राहायचो. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज एवढा की नाटकाच्या तालमी बंद, ओरडूनसुद्धा ऐकू यायचं नाही. संडास मागं एकच, पूर्वी हमाल लोकांसाठी बांधलेला. पाणी पहाटे साडेपाचला तासभर. शाडूवाल्याचा धुरळा, प्लास्टरचा धुरळा, पॉलिशपेपरचा धुरळा आणि हळद, हे सगळं छातीत जायचं, मला तिसऱ्या वर्षी जो खोकला लागला तो थंडीत अजून येतो. एकांत अजिबात नाही. रडायचं झालं तरी कैच्यांपर्यंत आवाज जातो.

मग राहिलो का? त्याचं उत्तर एका संध्याकाळचं सांगते.

तंबोरेवाला पोरगा मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत शिकलेला, भांडून बाहेर पडलेला. तो वाळलेल्या भोपळ्यांची रास कोपऱ्यात लावून बसायचा आणि एकेक तंबोरा महिना-दोन महिने चालायचा. शेवटचं काम जवारीचं. म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा माथा कानशीनं अगदी केसभर केसभर घासायचा, तार लावायची, तारेखाली दोरा सरकवायचा, ऐकायचं, तार काढायची, परत घासायचं. त्या वेळी तो हात वर करायचा आणि सगळं गोदाम गप्प व्हायचं, अक्का मशीनचं पायडल थांबवायच्या, पेंटर काका ब्रश डब्यात ठेवायचे. तार छेडली की आधी नुसता ठक्क असा बंद आवाज. मग घास. मग परत. त्या दिवशी असं तीसेक वेळा झालं असेल, आणि एका छेडीला तो आवाज असा पसरला, जसं काही एका तारेतून आठ-दहा सूर एकदम बाहेर पडून पत्र्याखाली फिरायला लागले, आणि पहिल्यांदा बोलले ते पेंटर काका, सातवी शिकलेला माणूस, गाण्याचं एक अक्षर माहीत नाही, ते म्हणाले, "उघडली की रं." पोरगा हसला, "उघडली काका."

त्यानंतर दोन दिवसांनी तोच पोरगा चहा घेऊन माझ्या चित्रामागं उभा राहिला. मी कृष्णेचं पाणी करत होते, महिना झाला होता, सगळे चांगलंय चांगलंय म्हणत होते. तो बराच वेळ बघून म्हणाला, "ताई, वरचा निळा अजून बंद आहे. उघडला नाही." मला कॉलेजात पाच वर्षं कुणी हे असं सांगितलं नव्हतं. मी तो निळा पूर्ण खरवडला आणि खालचा पिवळा थोडा दिसू दिला आणि मग तो उघडला. हे घरी बसून झालं नसतं, आणि सगळी चित्रकार मंडळी असती तरी झालं नसतं, आम्ही आमचेच तेच ते शब्द वापरत बसलो असतो. दुसऱ्या धंद्यातला माणूस तुमचं अर्धवट काम रोज येता-जाता बघतो, त्याला त्यात काय खटकतंय ते तो त्याच्या भाषेत सांगतो. माझ्या लेखी गोदाम म्हणजे हे.

पण हे चाललं अक्कांमुळं. त्यांच्याकडं एक लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही होती, अडत दुकानात असते तसली. भाडं, लाईट बिल, रॉकेल, पीठ, कुणी किती दिले, कुणाचे राहिले, संडास कुणी कधी धुतला, सगळं त्यात. त्या होत्या तोवर गोदाम होतं. त्या २००३ ला लेकीकडं इचलकरंजीला गेल्या आणि आठ महिन्यांत आम्ही एकमेकांशी बोलायचं बंद केलं. जाताना त्यांनी वही आधी मला देऊ केली होती. मी म्हटलं माझं प्रदर्शन आहे, मला वेळ नाही, पोरांना द्या. ते माझं चुकलं, आजही वाटतं.

तेव्हा ताई, मुलाला एवढंच विचारा, सहा जणांत वही कुणाकडं असणार आहे? त्यानं लगेच एक नाव घेतलं आणि ते नाव त्या पाचांनाही मान्य असलं तर जाऊ द्या त्याला. सगळे मिळून बघू असं म्हणाला तर अजून सहा महिने थांबवा. आणि साहेबांना म्हणावं एकदा दुपारी मेमध्ये जागा बघून या, एक टेबलफॅन घेऊन द्या, रागवू नका.

प्रश्न : मॅडम, आमच्या सरांच्या मते गोदामात राहून कला करणं हे परदेशी फॅड आहे, न्यूयॉर्कचं बघून आलेलं. तिथं नक्की काय झालं होतं? आपल्याकडं असं काही होतं का?
– एक विद्यार्थी, मिरज

अरे, न्यूयॉर्कचं खरं आहे पण ते फॅड म्हणून सुरू झालं नव्हतं. तिथल्या सोहो भागात कापडाचे, छपाईचे छोटे कारखाने होते, ते दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक करून बंद पडत गेले किंवा बाहेर गेले, मजलेच्या मजले रिकामे, उंच छत, मोठ्या खिडक्या, भाडं अगदी कमी. चित्रकारांना मोठी जागा पाहिजे होती, ते घुसले. राहायची कायद्यानं परवानगी नव्हती, मग पडदे लावून गुपचूप राहायचे. लढून लढून १९७१ ला त्या भागात कलाकारांना राहण्यासाठी नियमात जागा झाली आणि १९८२ ला अशा जागांतल्या भाडेकरूंना संरक्षण देणारा कायदा आला. आणि मग झालं काय, भाग नावाजला, पैसेवाले आले, दुकानं आली, भाडी वाढली आणि ज्यांनी तो भाग उभा केला त्यातले कितीतरी बाहेर पडले. म्हणजे कायदा होऊनसुद्धा.

आपल्याकडचं म्हणशील तर मुंबईत वॉर्डन रोडला भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट होती, पन्नास-साठच्या दशकात. गायतोंडे, हुसेन या चित्रकारांचे स्टुडिओ तिथं, पंडित रविशंकरांचं संगीताचं शिक्षण तिथं, अल्काझींच्या नाटकाचं काम तिथं, सगळं एका बंगल्यात. एकाच्या खोलीतून सतार येतेय आणि शेजारी चित्र चाललंय. मोडक्या गोदामासारखं नव्हतं ते, पण मी वर म्हटलं ते दुसऱ्या धंद्याचे कान आणि डोळे, ते तिथं होतं. दुसरं मद्रासजवळचं चोलमंडल, कलाकारांचं गाव, १९६६ ला चित्रकार के. सी. एस. पणिकरांनी त्यांच्या विद्यार्थ्यांना, सहकाऱ्यांना घेऊन वसवलं. ते मला सगळ्यात आवडतं, कारण त्यांनी आधी पोटाचा विचार केला. बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू करून विकल्या, त्या पैशातून समुद्राकाठी जमीन विकत घेतली, आणि मग चित्रं. स्वतःची जमीन म्हणून ते गाव आजही आहे. आमचं भाड्याचं होतं.

आणि सगळ्यात जवळचं तर तुझ्या-माझ्या गावातच आहे. सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं, अजून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो. पुढं ज्या नाटक कंपन्या झाल्या, किर्लोस्कर १८८० ची, गंधर्व १९१३ ची, त्या राहायच्या कशा? कंपनीचं बिऱ्हाड असायचं. नट, गवई, तबलजी, पडदे रंगवणारे, कपडेपट सांभाळणारा, आचारी, सगळे एका छपराखाली, एका पंगतीला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आधी नाटकाचे पडदेच रंगवत होते आणि त्याच हातानं पुढं सिनेमाचा कॅमेरा केला. तुझ्या सरांना हे सांग. आमच्या अक्का लहानपणी अशाच एका फिरत्या कंपनीच्या बिऱ्हाडात वाढल्या होत्या, त्यांचे वडील कपडेपट बघायचे. त्यांना आमच्या गोदामाचं काहीच नवल वाटलं नाही. पहिल्या दिवशी आल्या, चौफेर बघितलं आणि विचारलं, "मुदपाकखाना कुठं घालायचा?" आम्ही इझल कुठं लावायचे याच्यावर भांडत होतो आणि चूल कुठं हे कुणी ठरवलंच नव्हतं.

प्रश्न : ताई, दोन गोष्टी मोकळेपणानं विचारते. एक, पैसे कुठून यायचे. दोन, तुम्ही बाईमाणूस, लग्न न झालेल्या, पुरुषांबरोबर गोदामात राहिलात, भीती वाटली नाही? लोक काय म्हणाले?
– एक वाचक, विटा

विचारलंत ते बरं केलंत, सगळ्यांच्या मनात असतं पण कुणी लिहीत नाही.

पैसे. मी एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवायचे, पगार बाराशे आणि तोही तीन-तीन महिने थकायचा. पेंटर काका दुकानांचे बोर्ड, ट्रकमागची नावं, भिंतीवरच्या जाहिराती करायचे आणि सुरुवातीची चार वर्षं खरं तर त्यांच्या जिवावर गोदामाचं भाडं निघालं. जून ते गणपती शाडूवाल्याचा सीझन, तेव्हा आम्ही सगळेच मूर्तीला हात लावायचो, डोळे मात्र तो स्वतःच आखायचा, कुणाला देत नव्हता. गणपतीत मंडळांचे देखावे, मग राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी भावे नाट्यमंदिरात जी नाटकं व्हायची त्यातल्या काहींचं नेपथ्य आणि कपडे, मग जानेवारीत शाळांची गॅदरिंग, मग लग्नाचे स्टेज. मार्च ते मे काहीच नाही. ते तीन महिने आम्ही भाकरी-खर्डा आणि भडंगावर काढायचो. अक्कांचा नियम असा की कमाईतले दहात चार वहीत, सहा ज्याचे त्याला, आणि ज्याची कमाई शून्य त्यानं पाणी भरायचं आणि दोघांच्या वाटणीचं झाडायचं. कमीपणा कुणाला वाटला नाही कारण वर्षात प्रत्येकावर ती पाळी आलीच.

मग फ्लेक्स आला. २००१-०२ च्या सुमाराला गावात मशीन लागलं आणि काकांचं काम दीड वर्षात संपलं. बत्तीस वर्षांचा हात. 'किराणा' मधल्या 'रा' ला ते जो एक झोल द्यायचे तो मी अजून काढू शकत नाही. ते तक्रार करत नव्हते, सकाळी उठून ब्रश धुवायचे, तेलात बुडवून कागदात गुंडाळून ठेवायचे आणि काम नसलेल्या दिवशीही तसंच करायचे. वहीत त्यांच्या नावापुढं पहिल्यांदा शून्य पडलं तेव्हा अक्कांनी ते लिहिलं नाही, जागा मोकळी सोडली.

बाईचं. दिवाणजींची खोली होती ना, ती अक्कांची आणि माझी, आतून कडी. अक्का नसत्या तर मी राहिले नसते, आणि माझ्या आईनं राहूही दिलं नसतं. आई एकदा न सांगता एसटीनं आली, आठ दिवस राहिली, अक्कांबरोबर बटणं लावली, आणि जाताना फक्त एवढंच म्हणाली, "जेवत जा वेळेवर." आतल्या माणसांची भीती एकदाही वाटली नाही. बाहेरचे बोलायचे. पेठेत दोन दुकानदार मला बघून आत बघायचे, आणि शाळेत एकदा मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं तुम्ही कुठं राहता, आणि पुढच्या वर्षी मला ऑर्डर मिळाली नाही. कारण वेगळं दिलं. मी रडले भरपूर. धक्क्यावर बसणारे हमालमामा होते दोघं, त्यांनी मात्र पहिल्या दिवसापासून ताई म्हटलं ते म्हटलंच, रात्री उशिरा तालमीवरून आले तर त्यातला एकजण पेठेच्या कोपऱ्यापासून गोदामापर्यंत मागं दहा पावलं ठेवून यायचा, काही न बोलता.

तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर एकटी बाई म्हणून जाऊ नका. दोन तरी हव्यात आणि त्यातली एक वयानं मोठी असली तर फारच चांगलं, आणि आतून कडी असलेली खोली पहिल्या दिवशी पाहिजे, नंतर करू म्हटलेलं कधी होत नाही.

प्रश्न : गोदामात राहायला कायद्यानं चालतं का? आणि सुरक्षेचं काय?
– कराड

साठवणुकीसाठी म्हणून असलेल्या जागेत राहणं म्हणजे वापर बदलला, त्याला महापालिकेत विचारूनच करा, मालकाशी करारही तसाच लेखी करा. आम्ही केलं नव्हतं. शेठला माहीत होतं पण कागदावर काही नव्हतं, मीटर दुकानाचा, आणि मनात कायम धाकधूक.

आगीचं मात्र कळकळीनं सांगते. अमेरिकेत ओकलंडला असंच एक गोदाम होतं, कलाकार राहायचे, २ डिसेंबर २०१६ च्या रात्री तिथं गाण्याचा कार्यक्रम चालू असताना आग लागली आणि ३६ माणसं गेली. आतला जिना लाकडी फळ्या जोडून केलेला, सगळीकडं सामान, बाहेर पडायला वाट सापडली नाही. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही कारण आमचं गोदाम जसंच्या तसं डोळ्यांपुढं आलं. बारदानं, लाकडाचा भुसा, लाखेचं पॉलिश, थिनर, रॉकेल, आणि रात्री शटर आतून कुलूपबंद. आमचं नशीब, दुसरं काही नाही.

दोन दारं पाहिजेत, समोर आणि मागं, आणि रात्री एकालाही आतून कुलूप नको, नुसती कडी. थिनर, टर्पेंटाइन बाहेर वेगळ्या पत्र्याच्या पेटीत. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून टाकू नका, ती आतल्या आत तापून आपोआप पेटतात, पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. वायरिंग चांगल्या वायरमनकडून, एमसीबीसकट, म्हणजे भार वाढला की आपोआप वीज तोडणारं बटण. आणि आत माणसं झोपतात हे बाहेर कळू द्या. न्यूयॉर्कमध्ये १९६० नंतर त्या इमारतींच्या दारावर ए. आय. आर. अशी पाटी लावायची पद्धत पडली, म्हणजे आत कलाकार राहतात, ती मुख्यतः आगीच्या बंबवाल्यांसाठी होती. लपून राहू नका हो.

प्रश्न : बाई, मी हरिपूरचा, वय ७८. आमची जमिनीखालची हळद साठवायची पेवं २००५ च्या पुरात पाणी शिरून गेली, तुमचं गोदाम पण त्याच पुरात गेलं असणार. आता तिथं काय आहे? आणि त्या अक्कांचं काय झालं?
– एक जुना वाचक, हरिपूर

काका, तुमच्याकडं मी एकदा पेव उघडताना बघायला आले होते, तोंड उघडून तासन्‌तास तसंच ठेवलेलं, मग आत कंदील सोडला आणि तो विझत नाही बघितल्यावरच माणूस उतरला, वरनं नुसता त्याचा आवाज यायचा. ती पेवं गेली याचं मला फार वाईट वाटतं.

गोदाम पुरानं गेलं नाही. ते त्याच्या आधीच गेलेलं होतं. अक्का गेल्यावर वही पोरांकडं आली, एका मोठ्या देखाव्याचे पैसे आले का बुडाले, आले तर कुणाकडं, हे कुणालाच नीट सांगता येईना कारण लिहिलेलंच नव्हतं, आणि मग एकेकानं आपापली गादी गुंडाळली. तंबोरेवाला मिरजेला परत गेला, त्याचं आता छान चाललंय, शाडूवाला गावी गेला. जुलै २००५ मध्ये तिथं फक्त पेंटर काका आणि मी होतो. महिन्याच्या शेवटी पाणी पेठेत आलं तेव्हा हमालमामांनी हातगाडीवर माझी चित्रं काढली, काकांनी ब्रश तेवढे पिशवीत घेतले. आत छातीएवढं पाणी आठवडाभर. उतरल्यावर आम्ही गाळ काढायला गेलो तर भिंतीवर पाण्याची रेघ, आणि रेघेच्या खाली सात वर्षांत पहिल्यांदा भिंत स्वच्छ करड्या दगडाची दिसत होती. वर हळद तशीच. शेठ म्हणाले राहायचं तर राहा, भाडं नको सहा महिने. पण दोघांचं काय गोदाम होतं का. मी किल्ली दिली.

२०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा परत बुडालं, त्यानंतर शेठच्या मुलांनी पाडलं, आता तिथं गाड्या लावतात.

वही माळ्यावर सापडली, कोरडी. पुरानंतर दिवाळीत मी ती घेऊन इचलकरंजीला अक्कांना भेटायला गेले. हात थरथरत होते त्यांचे, डोळ्यांना एकाच बाजूनं दिसायचं. मला वाटलं वही बघून काहीतरी बोलतील, आठवण काढतील. त्यांनी चष्मा मागितला, पानं उलटत आमच्या पोरांच्या अक्षरातल्या शेवटच्या पानावर आल्या, बोट ठेवून वरून खाली बेरीज करत गेल्या, दोनदा केली. मग म्हणाल्या, "चाळीस रुपये चुकलेत. पेन दे."